आधी पाणी कुठवर येतं ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव भोगावतीच्या काठी, नोकरी पुण्यात. देवळामागं तीन कोरीव दगड पडलेत. देवळापासून पन्हाळ्यापर्यंत भुयार आहे असं गावात सगळे सांगतात. आजी पंच्याऐंशीच्या पुढं गेली आहे आणि तिच्याकडं गोष्टींचा साठा आहे. गावाचा इतिहास लिहावा असं तुमच्या मनात आहे, पण सुरुवात कुठून करायची आणि आजी सांगते त्यातलं खरं किती धरायचं, हे कळत नाही.

मी सव्वीस वर्षं करवीर आणि राधानगरी तालुक्यांतल्या शाळांवर शिकवलं. बदली होईल त्या गावात पोरांना सांगायचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून गावाची एक गोष्ट विचारून लिहून आणा. त्या वह्या साठत गेल्या आणि मलाच नाद लागला. पुढं मोडी लिपी शिकले, पंचगंगेच्या खोऱ्यातली गावं पायी हिंडले. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांची पंचगंगा प्रयाग चिखलीला होते आणि सुमारे ८० किलोमीटर वाहून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. एवढ्या लहान खोऱ्यात बघायला इतकं आहे की माझं अजून निम्मंही झालेलं नाही. तेव्हा जे करून बघितलं तेवढंच सांगते.

सुरुवात आजीपासून करा. ग्रंथालय आणि दप्तरखाना पुढच्या वर्षीही जागेवर असतील. पण आजीला ‘गावचा इतिहास सांग’ असं म्हणू नका. असं म्हटलं की म्हातारी माणसं सावरून बसतात आणि शाळेच्या पुस्तकातलं किंवा कीर्तनात ऐकलेलं सांगायला लागतात. तिला विचारा, पाणी कुठवर आलं होतं?

हा प्रश्न मला एका शेतकऱ्याच्या बायकोनं शिकवला. मी तिला देवळाचं वय विचारत होते, तर ती म्हणाली, “बाई, देवाचं वय मला काय ठावं? पर ह्या पायरीला पाणी कवा लागलं ते सांगती की.” आणि मग तिनं पायरी-पायरीनं सगळं गाव उलगडलं. पेपरात आपण पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी वाचतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. प्रत्येक गावाची स्वतःची मोजपट्टी वेगळी असते. मारुतीची पायरी, चावडीचा कट्टा, अमक्याच्या गोठ्याची दावण. आजीला १९८९ आठवेल, २००५ आठवेल. २०१९ आणि २०२१ ला तर पातळी ५५ फुटांच्या वर गेली, ते तुम्हीही पाहिलं असेल. त्या आधीचे पूर तिच्या सासूच्या तोंडून तिनं ऐकलेले असतील. तेही लिहून घ्या.

एका पाण्याच्या प्रश्नातून किती धागे निघतात बघा. कुठली आळी कधीच बुडत नाही हे कळलं की गावाचा जुना गाभा सापडतो. सगळ्यात आधी पाणी कुणाच्या दारात जातं हे कळलं की खालची जागा कुणाच्या वाट्याला दिली गेली तेही कळतं, आणि ते लिहिताना कचरू नका, तोही गावचा इतिहासच आहे. पुरात माणसं काहिलीत बसून पलीकडं जायची हे तुमची आजी सांगेल. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची ती लोखंडी काहील, पुरात तिचीच नाव व्हायची. त्यावरून गावात गुऱ्हाळं किती होती, कुणाची होती, इथपर्यंत बोलणं जातं. राधानगरीचं धरण होण्याआधी उन्हाळ्यात भोगावतीचं पात्र कसं असायचं, वाळूत झिरे खणून घागर कशी भरायची, हे सासूकडून ऐकलेलं तिला आठवत असेल. शाहू महाराजांच्या काळात त्या धरणाचं काम सुरू झालं आणि पुरं व्हायला कितीतरी वर्षं गेली. खोऱ्यातलं शेत, पीक, लग्नाचा हंगाम सगळं त्या पाण्यानं बदललं. हा बदल डोळ्यांनी बघितलेली माणसं आता फार थोडी उरलीत.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण लोककथेचं काय करायचं या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्यातूनच मिळालं.

एका नदीकाठच्या गावात सांगायचे की देवी पाटलाच्या स्वप्नात आली आणि म्हणाली, मी टेकावर चालले, तुम्हीही या. सकाळी बघतात तर खालच्या देवळातली मूर्ती टेकावर. म्हणून गाव वर आलं. मी ही गोष्ट पोरांच्या वह्यांत चार वेळा वाचली होती आणि देवीची कथा म्हणून बाजूला ठेवली होती. पुढं कधीतरी खालच्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, शेतातून जात होते. एका पट्टीची माती भोवतालच्या काळ्या रानापेक्षा फिकट, राखट दिसली. नांगराच्या सरीत खापरं, काचेच्या बांगड्यांचे तुकडे. शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “ही पांढरीची पट्टी. हितं जुनं गाव हुतं.” बांधाला देवळाच्या जोत्याचे घडीव दगड लावलेले होते. तिथल्याच म्हातारीनं सांगितलं, २००५ ला त्या पट्टीत माणूस बुडेल एवढं पाणी होतं. मग काही वर्षांनी मोडी कागद चाळताना त्याच गावची संस्थानकाळातली एक अर्जी हाती लागली. नदीनं मळीची जमीन खाल्ली, सारा माफ व्हावा, अशी.

देवी स्वप्नात आली का, हे मी ठरवू शकत नाही. पण पुरानं गाव उठलं, ही आठवण त्या कथेनं पिढ्यानपिढ्या जपली, आणि कुणाच्याही नावावर दोष न ठेवता जपली. देवीनंच सांगितलं म्हटल्यावर वाडवडलांची जागा सोडल्याचं शल्यही हलकं झालं असणार. म्हणून गोष्ट खरी की खोटी हा प्रश्न मी सोडून दिला. ही गोष्ट नेमकी याच जागेवर का सांगतात, हे विचारते. गोष्ट घेऊन त्या जागेवर उभं राहायचं, खाली माती बघायची, वर चढ बघायचा, पाणी कुठून येईल ते बघायचं.

काळी आणि पांढरी हे शब्द आपले जुने आहेत. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांची राख, शेण, भिंतींची माती मिसळून वस्तीची जागा फिकट होते. सात-बारावर आता बहुतेक वेळा नुसता गट नंबर असतो, पण माणसांच्या तोंडी शेतांची नावं असतात. पांढरीची पट्टी, जुनं गावठाण, बामणाचा मळा, वेशीचं शेत, घाटाची मळी. तुमच्या शिवारातल्या सगळ्या शेतांची नावं आजीकडून आणि जुन्या गड्यांकडून एका कागदावर उतरवून काढा. हे काम कुणी करत नाही, आणि ही नावं फार लवकर पुसली जातात.

पांढरीत काय दडलेलं असू शकतं याची कल्पना हवी असेल तर कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधलं संग्रहालय बघा. पंचगंगेच्या काठावरची ब्रह्मपुरी ही दिसायला साधी टेकडी. तिथं १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, आणि सातवाहन काळापासून शिलाहार, बहामनी काळापर्यंतची वस्ती थरांवर थर निघाली. या टेकडीवर ब्राँझच्या वस्तूंचा जो साठा मिळाला त्यात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची लहानशी मूर्ती आहे. रोमन जगातली वस्तू आपल्या नदीकाठी! माझ्या वर्गातल्या पोरांना मी ती दाखवायला न्यायचे, तेव्हा हमखास कुणीतरी विचारायचं, “बाई, ह्यो हितं कसा आला?” मग नकाशा काढायचा. कोकणातली बंदरं, तिथून घाट चढून येणाऱ्या वाटा, बावड्याची, फोंड्याची, आंब्याची, आणि त्या वाटा उतरून येतात त्या आपल्याच नद्यांच्या खोऱ्यांत. तुमचं गाव भोगावतीवर आहे, म्हणजे असल्याच एखाद्या वाटेवर आहे. गावातून बैलांचे तांडे कुठून कुठं जायचे, मीठ कुठून यायचं, हेही विचारा.

आता तुमचे तीन दगड. वर्णनावरून ते वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड वाटतात. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर असतो. तिथं गाई कोरल्या असतील तर गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना तो गेला असं समजतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती. वर लिंगाऐवजी पद्मासनातली जिनमूर्ती असेल तर दगड जैन आहे, कदाचित निषिधी, म्हणजे सल्लेखनेनं, व्रत म्हणून अन्नपाणी सोडून, देह ठेवलेल्या व्यक्तीची खूण. आपल्याकडं शिलाहारांच्या काळात जैन वस्ती मोठी होती, तेव्हा हे नीट बघा. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तो सतीचा दगड. लढाईच्या जागी होडी कोरली आहे का तेही बघा, नदीकाठचं गाव आहे.

दगडावर अक्षरं असतील तर ती बहुधा जुनी कन्नड असतील. त्यात बिचकण्यासारखं काही नाही. शिलाहार राजांचे कितीतरी लेख कन्नडात आहेत आणि त्यांत कोल्हापूर कोल्लापुर, क्षुल्लकपुर अशा नावांनी येतं. आकडा वाचता आला आणि तो शक असेल तर त्यात ७८ मिळवा, साधारण इसवी सन मिळतो. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यावर खडू, पीठ, तेल, कोळसा काहीही घासू नका. सकाळी सात-आठला किंवा उन्हं कलताना तिरप्या उजेडात फोटो काढा, अक्षरं आपोआप उभी राहतात. शेजारी मोजपट्टी ठेवा, दगडाच्या चारी बाजूंचे फोटो घ्या, आणि दगड आत्ता जिथं आहे ती जागा लिहा. जागेवरून हलवू मात्र नका.

हे पोटतिडकीनं सांगते, कारण एका गावात मी तीन पावसाळे एका वीरगळावर काम करत होते. जीर्णोद्धार निघाला, आणि मी पुन्हा गेले तेव्हा त्या दगडाला चकचकीत तैलरंग फासला होता. वीराला निळा, अप्सरांना गुलाबी. खाली दोन ओळी होत्या त्या बुजल्या. लोकांनी भक्तीनंच केलं होतं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं. तुमच्या गावात जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू झाली असेल तर तुमचं पहिलं काम तेच. मंडळाच्या पोरांना बसवून हे दगड वाचून दाखवा. एकदा वाचता आले की तीच पोरं राखण करतात.

कसबा बीड तुम्हाला जवळ पडेल. तुळशी-भोगावतीच्या संगमाजवळचं हे गाव वीरगळांसाठी बघाच, इतके वीरगळ एका गावात क्वचित दिसतील. तिथं सोन्याचा पाऊस पडतो असं म्हणतात. जोराचा पाऊस झाला की माती धुपून शेतात, परसात बारीक जुनी सोन्याची नाणी दिसतात, लोक त्यांना बेडा म्हणतात. ही शिलाहारांची जुनी राजधानी, अशी गावाची धारणा आहे. सोनं वरून पडत नाही, पांढरीतून वर येतं, पण ‘सोन्याचा पाऊस’ या शब्दांत निरीक्षण किती अचूक आहे बघा, पावसाशिवाय ते दिसत नाही हे त्या शब्दांतच आहे. जाता जाता कायद्याचं. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ पासूनचा कायदा आहे. खणायचं तर मुळीच नाही. वर पडलेली खापरं बघा, फोटो काढा, तिथंच ठेवा.

देवळाबद्दल एकच. गावात त्याला हेमाडपंती म्हणत असतील. आपल्याकडं प्रत्येक जुन्या दगडी देवळाला हेमाडपंतीच म्हणतात. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. आपल्या भागातली बरीच देवळं त्याच्या आधीची, शिलाहारांच्या वेळची आहेत. तुम्ही लिहिताना तो शब्द टाळा आणि जे दिसतं ते लिहा. खांब चौकोनी की गोल, छत कसं, बाहेर काय कोरलंय.

भुयाराचं काय ते आता. तुमच्या गावापासून पन्हाळ्यापर्यंत भुयार म्हणजे ते कुंभी आणि कासारी या दोन नद्यांच्या पोटाखालून जायला हवं. पण गोष्ट टाकून देऊ नका. मी जिथं जिथं भुयाराच्या गोष्टीचा माग काढला तिथं बहुतेक वेळा खाली पेव निघालं. जमिनीत खणलेलं, तोंड लहान आणि पोट मोठं असं धान्याचं कोठार. पेवं वाड्याजवळ, देवळाजवळ असायची, तोंड दगडानं बंद. पुढं वापर सुटला, कुणाचा तरी पाय आत गेला, आत अंधार, आणि मग भुयार पन्हाळ्याला पोचलं. एखाद्या ठिकाणी विहिरीकडं पाणी नेणारी बांधीव मोरीही असते. तुमच्या भुयाराचं तोंड कुठं आहे म्हणतात ते बघून या, पण आत उतरू नका. पेवात हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरून जातो.

अशीच दुसरी कथा तुम्हाला मिळेल. डोहाच्या काठी जाऊन आदल्या दिवशी सांगितलं की लग्नाला लागतील तेवढी भांडी सकाळी काठावर यायची, एकानं एक वाटी ठेवून घेतली आणि तेव्हापासून भांडी यायची बंद झाली. ही मी पंधरा-वीस गावांत ऐकली आहे आणि महाराष्ट्रात इतरत्रही सांगतात. एवढ्या ठिकाणी तीच कथा असेल तर ती तुमच्या गावचा इतिहास म्हणून लिहिता येत नाही. पण कुणी वाटी ठेवली हे प्रत्येक गाव वेगळं सांगतं. ते नाव, ती जात, ते घराणं, यातून गावातला कुठला जुना सल बोलतो ते कळतं. तेवढं टिपा, आणि छापताना घराण्याचं नाव गाळा.

डोहाची गोष्ट निघाली म्हणून सांगते, साती आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांच्या, जागा नकाशावर आवर्जून घ्या. शेंदूर लावलेले सात दगड नदीच्या काठी असतात. तिथं पोरांना पोहू देत नाहीत, तिन्हीसांजेला बायका एकट्या जात नाहीत. माझ्या पाहण्यात तरी यातल्या बऱ्याच जागी खाली खोल डोह किंवा भोवरा होता. आता बंधाऱ्यांमुळं पात्र सारखं भरलेलं दिसतं, डोह ओळखू येत नाही. आसरा मात्र जागेवर आहेत. हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्याच जिल्ह्याच्या नावानं ओळखला जातो, पावसाळ्याआधी त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात. बरगे निघाले आणि पाणी उतरलं की मे महिन्याच्या शेवटी थोडे दिवस पात्राचं खरं रूप दिसतं. जुने घाट, बुडालेल्या पिंडी, गाड्यांचा उतार. नदीचं पात्र बघायचं ते तेव्हाच.

माणसं आणि रिती बघायला मात्र आषाढात या. कोल्हापुरात आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लीगल्लीतून त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, यात्रा निघते. नदीला नवं पाणी आलेलं असतं, गढूळ, लालसर. ते पाणी सजवलेल्या कलशांत भरून डोक्यावर घेऊन पोरीबाळी टेंबलाईच्या टेकडीवर जातात आणि देवीच्या पायऱ्यांवर ओततात. पुढं पी ढबाक हे वाद्य वाजत असतं. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. मला त्यात नव्या पाण्याबरोबर येणाऱ्या साथींचं जुनं भय दिसतं. पहिलं पाणी आधी देवीला, मग आपण. याच देवीची गोष्ट अशी की कोल्हासुराच्या वधानंतरच्या सोहळ्यात तिला बोलवायचं राहिलं, ती रुसली आणि नगराकडं पाठ करून टेकडीवर बसली. म्हणून अंबाबाई ललिता पंचमीला पालखीतून तिच्या भेटीला जाते आणि तिथं कोहळा फोडतात. एवढ्या मोठ्या देवीला शहराच्या कडेच्या देवीची समजूत काढायला जावं लागतं, हे मला फार मोलाचं वाटतं. मुख्य देव आणि शिवेवरचे देव यांच्यातला हा व्यवहार प्रत्येक गावात असतो. तुमच्या गावची पालखी कुठल्या कुठल्या थांब्यांवर थांबते ते लिहून काढा, जुन्या गावाच्या हद्दी मिळण्याची बरीच शक्यता आहे.

नदीच्या दुसऱ्या टोकाला नरसोबाच्या वाडीला पूर हाच सोहळा होतो. पाणी तिथल्या दत्ताच्या पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार झालं म्हणतात आणि लोक त्या पाण्यात स्नानाला धावतात. एकाच पाण्याला चिखलीचा माणूस घाबरतो, कारण त्याला घर सोडून सोनतळीला जावं लागतं, आणि वाडीला त्याचीच वाट बघतात. खोऱ्याचा इतिहास लिहायचा तर ही दोन्ही मनं त्यात यायला हवीत.

पन्हाळा-विशाळगडाची वाट तुम्ही चालला असाल. जुलै १६६० मधली ती रात्र, शिवा काशीद, बाजीप्रभू, हे सगळ्यांना पाठ आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा एवढंच बघा की वाट मसाईच्या पठारावरून का जाते. भर आषाढात कासारीच्या खोऱ्यातून खालून गेलं तर ओढ्यामागून ओढा आडवा येतो. वरून गेलं की बरंच पाणी टाळता येतं. आणि घोडखिंड ज्या डोंगरात आहे तिथंच कासारी उगम पावते. इतिहास आणि पाणी वेगळं करता येत नाही म्हणते ते यासाठी.

आता माझी एक चूक, ती तुम्ही करू नका. सुरुवातीच्या काळात मी एका आजीबाईंना विचारलं, “तुमच्याकडं देवी डोंगरावर गेल्याची गोष्ट सांगतात ना?” त्या म्हणाल्या, होय की. आणि मीच सांगितलेली गोष्ट त्यांनी मला परत सांगितली, वर दोन फुलं लावून. महिन्याभरानं मी पुन्हा गेले तेव्हा त्या शेजारणीला सांगत होत्या, शाळेतल्या बाई म्हणाल्या, अशी गोष्ट आहे. म्हणजे त्या गावात ती गोष्ट मीच पेरली. म्हणून आपण बोलायचं नाही. “मग काय झालं?” आणि “हे तुम्हाला कुणी सांगितलं?” एवढेच दोन प्रश्न. दुसरा विसरू नका, तो विचारला की गोष्ट आजीची, आजीच्या आईची, की गेल्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली, ते कळतं. मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून, आणि आजीचे शब्द तिच्याच बोलीत उतरवा. ‘हुतं’चं ‘होतं’ करू नका. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या आधी घ्या. त्यांत माहेरच्या वाटेवरची गावं, उतार, देव सगळं येतं.

गावात हेळवी येतात का तेही विचारा. सुगीनंतर बैलावर बसून येणारे, ठरलेल्या घराण्यांपुढं त्यांची वंशावळ म्हणणारे लोक. कुठल्या गावाहून आलात, किती भाऊ होते, कोण कुठं गेला, हे त्यांच्या चोपड्यांत असतं, आणि नवं बाळ जन्मलं तर त्याचीही नोंद करून घेतात. सगळ्यात वरच्या पिढ्या थोर राजापर्यंत पोचतात, तिथं सावध राहा. पण मधल्या पाच-सहा पिढ्यांतली गावं आणि स्थलांतरं मला अनेकदा कागदाशी जुळलेली आढळली. ते त्यांचं पोट आहे, तेव्हा मान राखा, धान्य-पैसा द्या, आणि परवानगीशिवाय चोपडीचा फोटो घेऊ नका. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक होते, पाऊसपाण्याचं, पिकाचं भाकीत. तीही दरवर्षी ऐकून शब्दशः लिहून ठेवण्यासारखी आहे. धनगरी ओव्या म्हणणारी माणसं तिथं भेटतात ती वेगळीच.

एवढं झाल्यावर कागद. १ मार्च १९४९ पर्यंत कोल्हापूर वेगळं संस्थान होतं, त्यामुळं आपल्या गावांचे जुने कागद प्रामुख्यानं इथल्याच दप्तरांत आहेत. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी कागद मिळतात. मोडी दोन-तीन महिन्यांत वाचता येऊ लागते, भिऊ नका, घरातल्या जुन्या ट्रंकेतली खरेदीखतं घेऊन सराव करा. १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटियर करवीर नगर वाचन मंदिरात बसून बघा. १८५० पासूनची ही संस्था आहे. गॅझेटियरमध्ये तुमच्या गावावर चार ओळी असतील किंवा नसतीलही. असल्या तरी लक्षात ठेवा की त्या साहेबानं गावात कुणाला तरी विचारूनच लिहिल्या आहेत, बहुधा पाटील-कुलकर्ण्यांना. बायकांना त्यानं विचारलेलं नसणार. ते तुम्ही विचारताय.

तुम्ही दिवाळीला गावी याल तेव्हा तीन दगडांचे फोटो आणि शेतांच्या नावांचा कागद, एवढं झालं तरी पुष्कळ. भुयार मेपर्यंत थांबेल. आजीला मात्र आज रात्रीच फोन करा, आणि एकच विचारा, लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा नदी कुठं ओलांडली आणि कशातून.